जाळ्याला पाडलेली खिडकी

मी एक जुने जाळे आहे, कोळंबी धरणारे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल. ताटात कोळंबी दिसते, जाळे कुणाला दिसत नाही. सध्या मी धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तेलाच्या रिकाम्या पिंपांना टेकून पडले आहे. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला जे सांगायचे आहे ते वेगळेच आहे, आणि ते मी थोडे चाचरतच सांगणार आहे.

माझी पाने, म्हणजे जाळीचे मोठे तुकडे, कारखान्यातून गठ्ठ्याने आली. पण मला जाळे केले ते वहिनीने. दोरांच्या दुकानावर एक लांबोडकी खोली होती. तिथे भिंतीला खिळे ठोकून ती माझी पाने टांगायची आणि टाके घालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायची. धागा कापला की त्याचे टोक मेणबत्तीवर धरायची, म्हणजे ते उसवत नसे. त्या जळक्या नायलॉनचा वास ही माझी पहिली आठवण आहे.

वहिनी म्हणजे बोटीच्या तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा आणि तिला वहिनी, म्हणून अख्खा धक्काच त्यांना दादा आणि वहिनी म्हणू लागला. त्या भावाला सगळे नुसतेच धाकटा म्हणत.

"एवढे टाके माझ्या स्वेटरला घातले असतेस तर थंडीत सुख लागलं असतं," दादा एकदा दारात उभा राहून म्हणाला.

"तुझ्या पोटावर मावेल एवढी लोकर दुकानात मिळत नाही," वहिनी वर न बघता म्हणाली.

मी तयार झाले तेव्हा मोठे देखणे दिसत असे. तोंडाशी रुंद, मागे निमुळते होत गेलेले, आणि शेवटी एक लांब पिशवी. तिला खोळ म्हणतात. तोंडाच्या खालच्या दोराला साखळी बांधलेली होती. बोट मला दोन दोरांनी समुद्राच्या तळावरून ओढत न्यायची. साखळी चिखल खरवडायची, चिखलात दडलेली कोळंबी दचकून उडी मारायची आणि सरळ माझ्या तोंडात यायची. माझे काम एवढेच होते.

पण मित्रांनो, त्या चिखलावर एकटी कोळंबी राहत नाही.

तळाशी उजेड फार नसतो. हिरवट, मळकट, संध्याकाळी दिवा लावायचा राहून गेलेल्या घरात असतो तसा. त्या उजेडात ती सगळी यायची. बोटाएवढे मासे, नखाएवढे खेकडे, नुकतीच पोहायला लागलेली पिल्ले. माझे तोंड आपल्याकडे येताना दिसले की मासे वळून त्याच्यापुढे पोहू लागत. बराच वेळ पोहत. मग दमत आणि एकेक करून मागे माझ्या पोटात येत. माझ्या भिंतींना भोके होती, पण बोटीच्या ओढीने ती ताणली जाऊन मिटायची, डोळे मिटावेत तशी. लहानातला लहान मासासुद्धा त्यांतून निसटू शकत नसे. खोळीत आधी आलेल्यांवर मागून येणारे चेपत जायचे. ते थरथरत, आणि ती थरथर माझ्या प्रत्येक धाग्यात उतरायची.

आणि एक आवाज यायचा. बारीक, पोटातून काढल्यासारखा. टर्र, टर्र. कोण काढते ते मला कळत नसे. पण जाळे वर येईपर्यंत तो चालू असायचा.

वर आले की खोळीची गाठ सुटायची आणि डेकवर ढीग पडायचा. बारक्या आणि बाकीचे खलाशी बुटक्या स्टुलांवर बसून त्यातली कोळंबी वेचायचे. बारक्याचे नाव बारक्या का पडले हे कुणालाच ठाऊक नव्हते. दरवाजातून तो आडवा होऊनच शिरायचा. कोळंबी टोपल्यात गेली की उरलेला ढीग कोळंबीच्या कितीतरी पट असायचा. त्याला सगळे कचरा म्हणत. लांब दांड्याच्या फावड्याने तो कचरा समुद्रात लोटला जायचा. तोवर त्यातले जवळजवळ सगळे मेलेले असायचे. आमच्या मागे पाण्यावर एक पांढरा पट्टा तरंगत राहायचा, आणि त्यावर पक्ष्यांची झुंबड.

मी भाग्याचे जाळे ठरले. "हे उतरलं की टोपल्या भरल्याच समज," दादा दुसऱ्या तांडेलांना सांगायचा आणि माझ्या दोरावर थाप मारायचा. त्या थापेने मला आनंद व्हायचा. त्याच दोराला अजून ती थरथर चिकटलेली असायची.

धाकट्याची मासेमारी निराळी होती. त्याच्याकडे एक छोटी होडी होती आणि तो गळाने मोठे मासे धरायचा. त्यातही घोळ. घोळ हा अंगाने भरलेला, माणसाच्या मांडीएवढा मासा. तो पाण्याखाली ढोलासारखा घुमतो. धाकटा होडी शांत उभी करायचा, वल्हे पाण्यात खोल सोडायचा आणि दांड्याला कान लावायचा. लाकडातून आवाज वर येतो. आवाज आला की तिथे गळ टाकायचा. त्यांच्या वडिलांनी दोघांनाही हे शिकवले होते, पण दादाला धीर नव्हता आणि धाकट्याला होता.

पुढे पुढे धाकटा रिकाम्या हाताने परत येऊ लागला. "काहीच ऐकू येत नाही," तो वहिनीला सांगायचा. "कानात कापूस घातल्यासारखं वाटतं." वहिनीने त्याला कानात टाकायला औषधसुद्धा आणून दिले.

एकदा त्याच्या होडीची फळी फुटली. ती दुरुस्त होईपर्यंत तो आमच्या बोटीवर कामाला आला. सकाळची वेळ होती, ऊन चढत होते. मला वर घेतले, गाठ सुटली, ढीग पडला. धाकटा स्टुलावर बसला, त्याने पहिला हात ढिगात घातला आणि तसाच थांबला. त्याच्या तळव्यावर एक बोटभर लांबीचा चंदेरी मासा होता. त्याने तो कानाजवळ नेला.

"दादा, इंजिन बंद कर," तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"कर तर."

दादाने इंजिन बंद केले. बोटीवर काम चालू असताना इंजिन कधीच बंद नसायचे, त्यामुळे सगळ्यांचे हात आपोआप थांबले. आधी नुसते पाणी आपटल्याचा आवाज आला. मग तो आवाज आला. टर्र, टर्र. ढिगाच्या वरून, आतून, अगदी तळातून. एका ठिकाणाहून नव्हे, सबंध ढीगच तो आवाज काढत होता.

"हे काय बोलतंय?" बारक्याने हळू विचारले.

"घोळीची पिल्लं आहेत," धाकटा म्हणाला. "मोठी झाली की घुमतात. अजून लहान आहेत, म्हणून एवढंच जमतं त्यांना." मग त्याने दादाकडे पाहिले. "इतकी वर्षं मी वल्ह्याला कान लावून ज्यांना शोधत होतो ना, ती सगळी इथे येत होती."

धाकट्याने ओंजळीने पिल्ले उचलून पाण्यात सोडली. ती आडवी झाली आणि तशीच तरंगत राहिली. त्याने आणखी एक ओंजळ सोडली. तीही तरंगली.

दादाचा हात इंजिनाच्या चावीवर होता, पण त्याने ती फिरवली नाही. सगळे बसून राहिले. ढिगातला आवाज हळूहळू विरळ होत गेला. मग दोन-तीन ठिकाणांहूनच येऊ लागला. मग एकाच ठिकाणाहून. तो एकटा आवाज बराच वेळ चालला. बारक्या उठला आणि पाठ करून उभा राहिला. शेवटी तोही थांबला, तेव्हा दादाने इंजिन चालू केले.

त्या दिवसापासून दादा बदलला. बोटीवर त्याने एक रेडिओ आणला आणि माझी गाठ सुटायच्या आधी तो मोठ्याने लावू लागला. बातम्या असोत की गाणी, त्याला फरक पडत नसे. "आवाज वाढव," एवढेच तो म्हणायचा. माझ्या दोरावर थाप मारणे त्याने सोडून दिले. ढीग पडला की तो केबिनमध्ये जाऊन दार लावून घ्यायचा.

मी फाटले होते म्हणून मला दुरुस्तीला वहिनीच्या खोलीत नेले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. दादा खाली चटईवर बसून चहा पीत होता. कप मधेच थांबवून तो म्हणाला, "ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही. जिन्याचं दार वाजलं असेल."

वहिनीने सुई खाली ठेवली. "आपल्या जिन्याला दार नाहीये," ती म्हणाली.

मग त्याने तिला सगळे सांगितले. तोंड खाली घालून, चहाच्या कपाशी बोलावे तसे सांगितले. वहिनीने ऐकून घेतले. त्याचा चहा निवला होता, तो तिने पुन्हा गरम करून आणला.

"त्या मत्स्यखात्याच्या बाई आल्या होत्या ना मागे?" ती म्हणाली. "जाळ्याचा तुकडा काखेत घेऊन धक्काभर फिरत होत्या बघ."

"त्यांना मी काय सांगितलं माहितीय ना?"

"माहितीय. जाळ्याला भोकं आधीच पुष्कळ आहेत म्हणालास. सगळा धक्का हसत होता. मी बोलावते त्यांना."

बाई आल्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणाऱ्या. त्यांनी काखेतला तुकडा चटईवर पसरला. त्याची भोके माझ्यासारखी तिरकी नव्हती, खिडकीच्या गजांसारखी सरळ चौकोनी होती. त्यांनी दादाला तो तुकडा दोन्ही हातांनी ताणायला सांगितले. दादाने जोर लावला. भोके उघडीच राहिली.

"कोळंबीला नीट पोहता येत नाही, ती तळाला धरून मागे खोळीत जाते," बाई म्हणाल्या. "माशाला पोहता येतं. त्याला वर उजेड दिसला तर तो वर जातो. जाळ्याच्या वरच्या अंगाला हा तुकडा बसवायचा. खिडकी समजा."

"आणि खिडकीतून कोळंबी गेली तर?"

"थोडी जाईल. किती ते पाहावं लागेल. मी बोटीवर येईन, तुम्ही सांगाल ते बदलू."

वहिनीने कात्री घेतली. ज्या हातांनी मला शिवले त्याच हातांनी तिने माझ्या पाठीत चौकोन कापला. मला भीती वाटली, पण तिने एकदाही घाई केली नाही. ती खिडकी तिने इतक्या दाट टाक्यांनी शिवली की आज सगळे अंग फाटले तरी तेवढी जागा शाबूत आहे.

पहिल्या खेपेला फजिती झाली. मला वर घेतले तेव्हा ढीग खरोखरच लहान होता, पण कोळंबीसुद्धा टोपल्याच्या तळाशीच राहिली. बारक्याने टोपले हलवून पाहिले. "छान झालं," तो म्हणाला. "मासेही गेले, कोळंबीही गेली. चला, आता आपणही घरी जाऊ." खलाशी हसले, पण धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी दादाला बाजूला घेतले. पुढच्या खेपेलाही असेच झाले तर आम्ही दुसरी बोट बघू, असे त्यांनी सांगितले. त्यांची चूक नव्हती. त्यांच्याही घरी चुली होत्या.

त्याच सुमारास धाकट्याने होडी विकली. फरशांच्या कारखान्यात, समुद्रापासून लांबच्या गावात त्याला काम मिळाले होते. मी धक्क्यावर वाळत पडले होते आणि तो पिशवी खांद्याला लावून निरोप घ्यायला आला.

"थांब की," दादा म्हणाला. "खिडकी बसवलीय. पुढच्या खेपेला जमेल."

"जमेल रे दादा. पण आज सुटलेलं पिल्लू घुमायला लागेपर्यंत किती वर्षं जातील? तोवर मी काय खाऊ?"

"माझ्या बोटीवर ये."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले, मग नजर काढून घेतली. "त्या ढिगापाशी मला बसवणार नाही," तो म्हणाला. तो वहिनीच्या पाया पडला आणि गेला. दादा तिथेच उभा राहिला. मग त्याने वाकून माझ्या खिडकीची एकेक शिवण ओढून पाहिली. मला वाटले, आता हा ती बंद करणार. त्याने बंद केली नाही.

दुसऱ्या खेपेला बाईंनी माझ्या आत एक छोटा कॅमेरा बांधला. वहिनीही बोटीवर आली. मला वर घेतल्यावर सगळे केबिनमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. बारक्या दारातच अडकला, म्हणून मला आतले बोलणे नीट ऐकू आले. माझ्या पोटात काय चालते ते माणसांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. खोळीच्या अलीकडे मासे घुटमळत होते. खाली कोळंबी घरंगळत मागे जात होती. मग एका पिल्लाने तोंड वर केले, ते खिडकीखाली थांबले आणि सटकन बाहेर गेले. त्याच्यामागे दुसरे.

"परत लावा," दादा म्हणाला. बाईंनी परत लावले. तो पुन्हा म्हणाला, "परत लावा."

कोळंबी कुठे सांडत होती तेही दिसले. "जाळं वर घ्यायला बोट थांबते ना, तेव्हाच," वहिनी म्हणाली. "ओढ सुटली की खोळीतलं सगळं पुढे लोटतंय आणि खिडकीतून जातंय."

"मग बोट थांबवायचीच नाही," दादा म्हणाला. "हळू चालू ठेवून वर घेऊ."

"आणि खिडकी खोळीपासून थोडी पुढे सरकवू," बाई म्हणाल्या.

असे जमले. पुढच्या खेपांना कोळंबी जवळजवळ पूर्वीइतकी येऊ लागली. वर चेपणारे ओझे नसल्यामुळे तिचे डोके तुटत नसे, आणि वेचायला वेळही कमी लागायचा. ज्या बारक्याने मला नावे ठेवली होती, तोच दुसऱ्या बोटीवाल्यांना खिडकी कशी शिवायची ते हातवारे करून सांगू लागला. काहींनी ऐकले. पुष्कळांनी ऐकले नाही.

आता मला पाण्याखाली निराळेच दिसायचे. पिल्ले माझ्या पोटात यायची आणि माझ्या पाठीतून बाहेर जायची. पण सगळी नाही, मित्रांनो. जी फार दमलेली असत त्यांना खिडकीपर्यंत वर येता येत नसे. ती उजेडाकडे तोंड करून मागे मागे सरकत जायची. त्यांचा आवाज मला ऐकू यायचा. पूर्वी तो गर्दीचा आवाज होता. आता एकेकाचा वेगळा ओळखू येऊ लागला, आणि मला तो जास्त जड गेला.

काही वर्षांनी धाकटा परत आला. कारखान्यातली भुकटी त्याच्या छातीत बसली होती. तो काही न सांगता बोटीवर आला आणि स्टुलावर बसला. दादाने रेडिओ बंद केला. माझी गाठ सुटली. धाकट्याने ढिगात हात घातला आणि एक पिल्लू उचलले.

"अजून येतात," तो म्हणाला.

"येतात. कमी येतात."

धाकट्याने ढिगाकडे नीट पाहिले. "कमी आहेत," तो म्हणाला आणि वेचू लागला. दादा केबिनमध्ये गेला नाही. त्याने दुसरे स्टूल ओढले आणि भावाच्या शेजारी बसला.

मग मी म्हातारे झाले. माझे दोर झिजले, भोके सैल पडली. वहिनीने नवे जाळे विणले, त्याला पहिल्यापासूनच खिडकी ठेवली. ते कामाला लागायच्या आधीची माझी ती शेवटची खेप होती. तळावरून जाताना मी कशात तरी अडकले. बोटीने जोर लावला आणि मी त्याच्यावर ओढले गेले, तेव्हा मला कळले की तेही एक जाळे होते.

कधीतरी कुठल्यातरी बोटीने ते टाकून दिले असेल, किंवा ते तुटून राहिले असेल. त्याला दोर नव्हते. त्याचे तोंड दगडावर अर्धे उघडे अडकले होते. आत माशांचे काटे होते, काट्यांच्या वर अर्धवट खाल्लेले मासे होते, आणि त्यांना खायला आलेले खेकडेही तिथेच अडकून मेले होते. अगदी वर एक जिवंत मासा होता. नुकताच सापडलेला. त्या जाळ्याला वर ओढणारे कुणी नव्हते, गाठ सोडणारे कुणी नव्हते. आमचे धागे एकमेकांत गुंतलेले होते तेवढा वेळ त्या माशाची थरथर माझ्या अंगात येत होती.

बोटीने हिसका दिला आणि मी फाटून सुटले. ते तिथेच राहिले.

मला डेकवर घेतले तेव्हा माझ्या चिंध्या झाल्या होत्या. "आता हे शिवण्यात अर्थ नाही," बारक्या म्हणाला. "टाकून देऊ का इथेच? ओझं तरी कमी होईल."

दादाने माझ्यात अडकून आलेला त्या दुसऱ्या जाळ्याचा तुकडा उचलला. त्यात एका माशाचा काटा होता. त्याने तो बराच वेळ पाहिला. "घरी न्यायचं," तो म्हणाला. दोन्ही भावांनी मला उचलून घडी घातली. त्यांनी त्या जागी परत जाऊन, तळाशी मोठा लोखंडी गळ सोडून ते जाळे शोधायचा प्रयत्न केला. गळाला चिखल आला, दगड आले. ते सापडले नाही.

मित्रांनो, मी या शेडमध्ये सुखात आहे. कोरडी आणि रिकामी जागा आहे, इथे माझ्यामुळे कुणी थरथरत नाही. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन बोट चालवाल, कुणी बाजारातून कोळंबी आणाल. जाळ्याला खिडकी आहे का, ते विचारा. कोळंबीबरोबर आणखी कोण वर आले होते, तेही विचारा. आणि आमच्यासारखे जाळे निकामी झाले की त्याला पाण्यात लोटू नका, ओझे वाटले तरी घरी न्या. जाळ्याला स्वतःहून थांबता येत नाही.

ते दुसरे जाळे अजून तिथेच आहे. वरून बोटी येतात-जातात. तिथे वरून पाहिले तर फक्त पाणी दिसते.